कुडूसाठी .३०-०६, ९.३ की .३७५? लाथेचा हिशेब कसा मांडायचा?

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझा मामेभाऊ नामिबियात खाणीत नोकरीला आहे. येत्या जूनमध्ये त्याच्याकडे जायचं ठरलंय आणि त्याच्या ओळखीच्या एका शेतावर परवान्यासह कुडूच्या (आफ्रिकेतलं मोठं हरण) शिकारीचा बेत आहे. (तिकडचं शेत म्हणजे आपल्या दोन-चार गावांची शिवारं एकत्र केली तर होईल तेवढं.) शेतमालकाकडे पाहुण्यांसाठी तीन रायफली आहेत: .३०-०६, ९.३×६२ आणि .३७५ एच अँड एच मॅग्नम. कोणती वापरणार ते आधी कळवा, त्याप्रमाणे काडतुसं आणून ठेवतो, असा त्याचा निरोप आहे. भावाचा सल्ला एका वाक्याचा: "एवढा येतोयस तर .३७५ उचल, मर्दासारखी."

आता माझा अनुभव. निफाडच्या थोरल्या काकांची .३१५ रायफल होती, इशापूरच्या कारखान्याची, काडतुसं खडकीची. त्यांच्या परवान्यावर मी रिटेनर होतो, म्हणजे त्यांची रायफल बाळगायची मुभा असलेला. त्यांच्यासोबत रेंजवर उभ्या आयुष्यात पाच बार काढले. पाचव्या बारानंतर खांद्यावर जांभळाएवढा डाग उठला, दुसऱ्या दिवशी त्याचं वांगं झालं. दोन दिवस सदऱ्यात हात घालताना आई आठवत होती. काका सहा फुटी, ते मिशीत हसत होते. मी पाच फूट चार इंच, वजन एकसष्ट किलो.

.३१५ नं ही गत केली तर .३७५ माझं काय करेल? नेटवरचे तक्ते पाहावेत तर एकाच काडतुसाला प्रत्येक तक्ता वेगळा आकडा देतो. लाथ, म्हणजे बार उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का, आधीच कशी ओळखायची? आणि 'ताकद, ताकद' म्हणतात ती नेमकी कशात मोजायची?

पंचवटीकर | शनिवार, रात्री १०:४०

मिसळ खाऊन, गंगेवर फिरून सुखात राहायचं सोडून समुद्रापार जाऊन हरणं मारायची हौस कशाला म्हणे?

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:५२

@पंचवटीकर, मतभेद मान्य. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असंच माझंही मत आहे. तिकडे शेतावर किती जनावरं काढायची ते ठरवून परवाना मिळतो, मांस खाल्लं जातं. तरी यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७:३०

वाद सुरू व्हायच्या आत गणित उरकून घेऊ. (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. खडू हातातून गेला, सवय गेली नाही.)

तक्ते जुळत नाहीत कारण प्रत्येकजण रायफलीचं वजन आपल्या मनाचं धरतो आणि ते बारीक अक्षरात कुठेतरी तळाशी लिहितो. काडतूस फक्त संवेग (वजन गुणिले वेग) ठरवतं. तो संवेग खांद्यावर किती जोरात आदळणार, ते रायफल किती जड यावर.

.३७५ घेऊ. गोळी ३०० ग्रेन, म्हणजे १९.४ ग्रॅम. वेग सेकंदाला ७७१ मीटर. गुणाकार करा, साधारण १५ येतात. इथेच पुष्कळ लोक थांबतात आणि चुकतात. गोळीमागची दारूही वजन असलेली वस्तू आहे, ती वायू होऊन त्याच तोंडातून बाहेर पडते, आणि गोळीपेक्षा वेगानं. जोरदार रायफलींसाठी हिशेबात हा वेग गोळीच्या १.७५ पट धरायची पद्धत आहे. ७० ग्रेन म्हणजे साडेचार ग्रॅम दारू, तिचे ६. एकूण २१.

रायफल ४.१ किलोची असेल तर २१ ला ४.१ नं भागा: ती सेकंदाला पाच मीटरच्या थोड्या वर वेगानं मागे येते. ऊर्जा ५४ ज्यूल, इंग्रजी तक्त्यातले ४० फूट-पाउंड. गोळी घेऊन जाते ५,७०० ज्यूलच्या वर. म्हणजे खांद्याच्या वाट्याला शंभरातला एक. हा एक आपल्याला केवढा वाटतो पाहा.

त्याच रीतीनं बाकीच्या. .३०-०६, गोळी १८० ग्रेन, ८२३ मीटर, रायफल ३.६ किलो: ३० ज्यूल. ९.३×६२, गोळी २८६ ग्रेन, ७१९ मीटर, रायफल ३.७ किलो: ४४ ज्यूल. आणि आपली .३१५, गोळी २४४ ग्रेन, ६२० मीटर, रायफल साडेतीन किलो धरली तर २३ ज्यूल.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८:०५

सर, शेवटची ओळ परत तपासा ना. .३१५ सगळ्यात कमी? मग माझ्या खांद्यावर वांगं कुठून आलं?

बारा_बोअर | रविवार, सकाळी ९:२०

आलं ना! म्हणून मी या ज्यूलवाल्यांचं ऐकत नाही. बारा बोअरच्या बंदुकीत बत्तीस ग्रॅम छर्ऱ्यांचं काडतूस घाला, सरांच्याच गणितानं पस्तीस ज्यूल येतील, म्हणजे .३०-०६ पेक्षा जास्त. माझी बायको सकाळच्या सत्रात पंचवीस काडतुसं उडवून घरी येऊन पोळ्या लाटते. कागद एक सांगतो, खांदा दुसरं.

देवळाली_गनर | रविवार, दुपारी १:१०

जेवून बसलो आणि धागा दिसला. तोफखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मागे येणाऱ्या लोखंडाशी जुनी ओळख.

हिशेबनीसांचा आकडा बरोबर आहे आणि बारा_बोअर यांचा खांदाही बरोबर आहे. १५५ मिलिमीटरचा गोळा त्रेचाळीस किलोंचा असतो. तो सुटल्यावर नळी मागे येते, पण गाडा जागेवर राहतो. का? नळी तेलाच्या सिलिंडरवर सरकते; तोच संवेग जास्त अंतरावर, जास्त वेळात पसरून जिरवला जातो. १८९७ साली फ्रेंचांनी त्यांच्या ७५ मिलिमीटर तोफेत हे जमवलं. तोवर प्रत्येक बारानंतर तोफ चाकांवर मागे पळायची आणि जवान ढकलत परत जागेवर आणून नेम धरायचे. संवेग काही कमी झाला नाही. तो घ्यायची रीत बदलली.

रायफलीत ते सिलिंडर म्हणजे तू. तेव्हा बाळ गोदाकाठ, मला तुझं काडतूस सांगू नकोस, दस्ता (खांद्याला टेकतो तो रायफलीचा मागचा भाग) सांग. एक, मागची पट्टी रबराची का लोखंडाची? दोन, तिची लांबी-रुंदी. तीन, चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत किती इंच? चार, गाल टेकतो ती कड नळीच्या रेषेपेक्षा किती खाली? पाच, बार काढलेस ते उभं राहून, बसून, का पोटावर पडून?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

काका गेल्यावर रायफल परवान्यासह चुलतभावाच्या नावावर झाली. त्याला फोन करून सगळं मोजायला लावलं. वजन करायला घरात दुसरं काही नव्हतं म्हणून द्राक्षांचे क्रेट मोजायच्या काट्यावर ठेवली: ३.४ किलो.

मागची पट्टी लोखंडी, गुळगुळीत, ११ सेंटिमीटर उंच, रुंदी जेमतेम ४. खालच्या टोकाला जरा बाक आहे. चापापासून मागपर्यंत सव्वाचौदा इंच. गालाची कड बरीच खाली. गाल टेकला की माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) दिसत नाही, म्हणून मी हनुवटी टेकवत होतो, हे आत्ता आठवलं. आणि पाचही बार पोटावर पडून. अंगात टी-शर्ट.

देवळाली_गनर | सोमवार, रात्री १०:३०

झालं, वांगं सापडलं.

सव्वाचौदा इंच दस्ता तुझ्या काकांच्या हाताला होता. तुझ्या हाताला तो लांब, म्हणून तू तो खांद्याच्या खोबणीत न घेता बाहेर दंडाच्या हाडावर घेतलास. चार सेंटिमीटरची लोखंडी पट्टी, तिचा खालचा बाक हाडात. कड खाली असलेला दस्ता सरळ मागे येत नाही, तोंड वर उचलत येतो. तुझ्या जबड्यालाही बसली असणार, तू सांगत नाहीयेस. आणि पोटावर पडलेला माणूस मागे हलूच शकत नाही. उभा माणूस कमरेतून डुलतो, तेच त्याचं तेलाचं सिलिंडर. तुला तेवीस काय, पंधरा ज्यूलनं पण निळं केलं असतं.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:३४

जबड्याचं कसं ओळखलंत?

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ६:५०

३.४ किलोनं एक ज्यूल वाढला, चोवीस करा.

गोदाकाठ, एक काम कर. त्या तीन रायफली आहेत तशा, दुर्बीण वगैरे लावलेल्या, भावाला काट्यावर ठेवायला सांग. मी गृहीत धरलेली वजनं माझी होती, शेतमालकाची नव्हती.

ब्रेक_लावा | मंगळवार, दुपारी १२:१५

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवला की सगळे प्रश्न मिटले. हाय काय, नाय काय.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ४:००

सगळे नाहीत. ब्रेक फक्त वायू अडवून बाजूला वळवतो, गोळीच्या संवेगाला तो हात लावू शकत नाही. .३०-०६ मध्ये एकूण संवेगात वायूचा वाटा साधारण ३५ टक्के, .३७५ मध्ये २९, आपल्या जुन्या .३१५ मध्ये २३. म्हणून दारू जास्त आणि गोळी हलकी, तिथे ब्रेक खरा उपयोगी. शिवाय बाजूला वळवलेला तो आवाज शेजारी उभ्या वाटाड्याच्या कानात जातो. परक्याच्या रायफलीला स्वतःच्या खांद्यासाठी ब्रेक लावायला सांगणं बरं दिसत नाही.

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री ८:२०

अवांतर: आमच्याकडे निफाडला उसात बिबट्या फिरतोय. वरीलपैकी कोणती बरी?

संपादक | मंगळवार, रात्री ८:२५

@द्राक्षबाग, वरीलपैकी वनविभागाचा फोन नंबर बरा. गमतीतही नको, धागा उडवावा लागेल.

जुना_शिकारी_नातू | बुधवार, सकाळी १०:१०

लाथेचं झालं, ताकदीचं राहिलं. आजोबा टेलरच्या सूत्राची शपथ घ्यायचे. आफ्रिकेत हत्ती मारणाऱ्या जॉन टेलरनं १९४८ साली मांडलेलं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांत, गुणिले व्यास इंचांत, भागिले ७,०००. त्यानं .३७५ ला ४१ गुण, ९.३ ला ३५, .३०-०६ ला २१. गोष्ट संपली, .३७५ घे.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११:००

संपली कशी? त्याच सूत्रात आपली .३१५ घाला. २४४ ग्रेन, २,०३० फूट, व्यास .३२३: उत्तर २३. म्हणजे .३१५ ही .३०-०६ पेक्षा भारी? गोळीची ऊर्जा काढली तर .३१५ ची तीन हजार ज्यूल आणि .३०-०६ ची जवळपास ३,९५०.

आता गंमत. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,४७० ग्रेन. ताशी १४० किलोमीटर म्हणजे १२८ फूट. व्यास २.८ इंच. करा गुणाकार. सव्वाशेच्या वर गुण! .३७५ च्या तिप्पट. टेलरच्या सूत्रानं प्रत्येक वेगवान गोलंदाज हत्ती लोळवतो.

टेलरला दोष देत नाही. हत्तीच्या डोक्यात मारायच्या, न फुलणाऱ्या भक्कम गोळ्यांची आपसात तुलना करायला त्यानं ते मांडलं होतं. लोकांनी ते उचललं आणि कुडूला लावलं.

जुना_शिकारी_नातू | बुधवार, सकाळी ११:२०

😂 चेंडूला दंडवत. पण मग नुसती ऊर्जा तरी कुठे खरी? आफ्रिकेतला जुना शिकारी कॅरामोजो बेल, त्यानं शेकडो हत्ती ७×५७ च्या बारक्या काडतुसानं पाडले. १७३ ग्रेनची गोळी, टेलरचे गुण जेमतेम सोळा.

देवळाली_गनर | बुधवार, दुपारी ३:४५

बेलचं नाव निघालं की मी झोपेतून उठतो.

बेल हत्तीच्या कवटीचा अभ्यास केलेला माणूस. त्याची ती गोळी लांब, बारीक आणि पूर्ण कवच असलेली. तिच्या वजनाला (पाउंडांत) व्यासाच्या (इंचांत) वर्गानं भागलं तर जो आकडा येतो तो .३०६ च्या आसपास; .३७५ च्या ३०० ग्रेनचा आणि ९.३ च्या २८६ ग्रेनचा .३०५. म्हणजे आत घुसण्याच्या बाबतीत त्याची बारकी गोळी या दोघींच्या रांगेतली. ती मेंदूपर्यंत पोचायची, आणि मेंदू कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नाही त्यानं बेलचा दाखला देऊ नये, हे मी स्वतःलाही सांगतो.

तेव्हा ताकद म्हणून एकच आकडा मागू नका. गोळी किती आत जाते, आत जाऊन फुलते का, आणि फुलून तुटते का एकसंध राहते, एवढं विचारा. मोठा कुडू अडीचशे किलोंच्या आसपास भरतो, पण तो काही रेडा नाही.

हिशेबनीस | बुधवार, दुपारी ४:३०

आणि कायद्याचा आकडा तर आहेच. नामिबियात कुडूसाठी काडतूस किमान २,७०० ज्यूलचं लागतं, रानरेडा आणि हत्तीसाठी ५,४००. .३०-०६ पहिल्या अटीत आरामात बसते. .३७५ दुसरीतही बसते, पण गोदाकाठला रेडा मारायचा नाही. ९.३×६२ चे भरतात ४,८००. १९०५ साली बर्लिनच्या ओटो बॉकनं ते काडतूस काढलं, आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांना साध्या माउझर रायफलीत बसेल असं. .३७५ सात वर्षांनी आलं, लांबलचक, त्याला यंत्रही लांब लागतं. म्हणून .३७५ च्या रायफली बहुधा जड. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल असं वाटतंय.

दहा_मीटर | गुरुवार, रात्री ९:१५

मुलांना एअर रायफल शिकवते, मोठ्या बोअरचा अनुभव फक्त पाहुणी म्हणून. पण एवढ्या प्रतिसादांत एक गोष्ट कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

लाथेनं नेम चुकत नाही. हिशेबनीस सर दुजोरा देतील: गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे सरकते ती किती, तीन-चार मिलिमीटर? तोवर खांद्याला काहीच कळलेलं नसतं. नेम चुकतो तो आधी. लाथ येणार म्हणून डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, अख्खी मूठ आवळली जाते. हे करणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही, कारण बाराच्या गोंधळात ते झाकलं जातं.

दादा, तिकडे गेल्यावर भावाला सांगा, तुमच्या नकळत मधूनच एखादं रिकामं, डमी काडतूस भरायचं. चाप ओढल्यावर नुसतं 'टक' झालं आणि तरीही नळीचं तोंड खाली गेलं, तर ती रायफल तुमच्यासाठी नाही, आकडे काहीही असोत. इथे असेपर्यंत रोज वीस वेळा कोरा चाप ओढण्याचा सराव करा, हवं तर माझ्याकडची एअर रायफल घेऊन. आपल्या नाशिकच्या भीष्मराज बाम सरांनी नेमबाजांच्या मनावर एवढं काम करून ठेवलंय, त्या गावच्या माणसानं नुसते ज्यूल मोजत बसायचं म्हणजे कमाल आहे.

हिशेबनीस | गुरुवार, रात्री ९:४०

दुजोरा. .३७५ ला ६० सेंटिमीटर नळी धरून ३.२ मिलिमीटर आलं. ताईंना शंभरपैकी शंभर, मला चाळीस.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ११:००

भावानं वजनं कळवली! शेतावर मांस मोजायचा काटा आहे, त्यावर टांगली म्हणे.

.३०-०६, दुर्बिणीसह: ४.० किलो. मागे रबर.
९.३×६२, जुनी, दुर्बीण नाही, नुसती माशी: ३.३ किलो. मागे कडक काळी पट्टी, भेगाळलेली.
.३७५, दुर्बिणीसह: ४.७ किलो. मागे इंचभर जाड मऊ रबर.

हिशेबनीस | शनिवार, सकाळी ६:४०

आता बघा. .३०-०६: २७ ज्यूल, मागे यायचा वेग ३.७ मीटर. .३७५: ४७ ज्यूल, साडेचार मीटर. आणि ती 'मधली' ९.३: ४९ ज्यूल, साडेपाच मीटर!

नावावरून मधली असलेली रायफल या घरात सगळ्यात द्वाड निघाली. त्यात भेगाळलेली कडक पट्टी. कुठल्याही छापील तक्त्यात हे सापडलं नसतं.

बारा_बोअर | शनिवार, सकाळी ९:००

सर, आज तुमचा कागद आणि माझा खांदा एका ताटात जेवले.

पंचवटीकर | शनिवार, सकाळी ९:३०

शिकारीला विरोध कायम. पण धागा वाचतोय. क्रिकेटचा चेंडू शेजारच्या भौतिकशास्त्राच्या मुलांना सांगितला.

गोदाकाठ | जून, रविवार, रात्री १२:२०

धागा वर आणतोय, विंडहुकहून.

परवा शेतावर कागदावर बार काढले. उभं राहून, तीन काठ्यांच्या टेकूवर. कानात बोळे आणि वरून मफही. दस्ता या वेळी आधी मोजला, .३०-०६ चा साडेतेरा इंच. खोबणीत असा बसला की कळलंच नाही. पहिले तीन बार बशीएवढ्या वर्तुळात. खांद्याला काही नाही, खरंच काही नाही.

मग मोह आवरला नाही, .३७५ उचलली. पहिला बार: ढकलल्यासारखं झालं, जोरात पण मऊ. .३१५ च्या त्या खिळ्यासारखं अजिबात नाही. मनात म्हटलं, उगाच घाबरलो. दुसरा बार बरा. तिसऱ्याला 'टक'.

भावानं डमी घातलं होतं. आणि मी नळी फूटभर खाली घातलेली, डोळे गच्च मिटून. शेतमालक काही बोलला नाही, त्यानं फक्त .३७५ माझ्या हातातून घेऊन भिंतीला टेकवली. .३०-०६ वर तीनदा डमी घालून पाहिलं, दोनदा नळी जागेवर राहिली, एकदा थोडी हलली. ताई, तुम्हाला साष्टांग.

कुडू .३०-०६ नंच झाला, पहाटे, एकशे दहा पावलांवर. त्याचं सविस्तर लिहीन, पंचवटीकरांना चालत असेल तर.

देवळाली_गनर | सोमवार, सकाळी ७:०५

शाब्बास. आणि तो मर्दासारखी .३७५ उचलायला सांगणारा भाऊ? त्यानं उचलली का?

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९:५०

उचलली. बसून, मान पुढे घालून, डोळा दुर्बिणीला चिकटवून. भुवईवर छान चंद्रकोर उमटलीय, तीन टाके. मामीला फोनवर सांगितलंय की बाथरूममध्ये पाय घसरला.